विंडोज भलत्याच हार्डडिस्कवर बसली? आधी हात आवरा

मावसभावाचं कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. ऑफिस म्हणजे पत्र्याच्या आडोशामागं एक टेबल आणि त्यावर एक जुना असेम्बल्ड कॉम्प्युटर. त्यात कोटेशनं, टॅली आणि गिऱ्हाइकांची ड्रॉइंग. पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं नवी एसएसडी (हार्डडिस्कच्याच कामाची, पण कितीतरी वेगवान डिस्क) आणली, स्वतःच बसवली, पेनड्राइव्हवरून विंडोज मारली आणि संध्याकाळी मला फोन केला. "दादा, एसएसडी बसवूनबी मशीन चालू व्हायला चहा पिऊन हुतोय की. दुकानदारानं फसवलं काय?"

फसवलं कुणीच नव्हतं. विंडोज जुन्या १ टीबीच्या हार्डडिस्कवर जाऊन बसली होती आणि नवी एसएसडी शेजारी कोरी करकरीत पडून होती. ते निस्तरलं. चार दिवसांनी पुन्हा फोन आला. आता विंडोज एसएसडीवर होती, म्हणून गड्यानं जुनी हार्डडिस्क काढून बाजूला ठेवली, तर कॉम्प्युटर उठेचना. एकाच आठवड्यात एकाच माणसाला या चुकीचे दोन वेगवेगळे प्रकार भेटले. तिसरा आणि सगळ्यात वाईट प्रकार मी स्वतः करून बसलोय, तो पुढं सांगतो.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून घरोघरी एसएसडी घालून नवी विंडोज मारायचं काम चाललंय, त्यामुळं हा प्रश्न मला वरचेवर येतो. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही असं धरूनच लिहितोय.

विंडोज एकीकडं, किल्ली दुसरीकडं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. विंडोज म्हणजे एकच एक वस्तू नव्हे. एक भाग म्हणजे खुद्द विंडोज, सी ड्राइव्हमधलं ते मोठं फोल्डर. दुसरा भाग म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना त्या विंडोजपर्यंत वाट दाखवणाऱ्या छोट्या बूट फाइली. या फाइली एका वेगळ्या, लपवलेल्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या पाडलेल्या तुकड्यात असतात. साधारण १०० एमबीचं हे पार्टिशन, नाव ईएफआय सिस्टिम पार्टिशन.

घर राजारामपुरीत आणि किल्ली शुक्रवार पेठेतल्या मित्राकडं, असं होऊ शकतं. मित्र गावात आहे तोवर काही बिघडत नाही. तो गावाला गेला की तुम्ही आपल्याच दारात बसून. दुसऱ्या वेळी मावसभावाचं नेमकं हेच झालं होतं. विंडोज एसएसडीवर, किल्ली जुन्या हार्डडिस्कवर.

हे होतं कसं? विंडोजचा इन्स्टॉलर आळशी आहे. कॉम्प्युटरमध्ये आधीच कुठल्या तरी डिस्कवर ईएफआय पार्टिशन दिसलं, तर तो नवीन बनवण्याच्या भानगडीत न पडता बूट फाइली तिथंच टाकतो. तुम्ही विंडोजसाठी एसएसडी निवडलेली असली तरीही.

तुमचं नक्की काय झालंय ते बघा

कॉम्प्युटर चालू होत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर गेलात की डावीकडं डिस्क ०, डिस्क १ अशा नोंदी दिसतील. ज्या नोंदीपुढं कंसात सी लिहिलंय ती तुमच्या विंडोजची डिस्क, आणि ती एसएसडी आहे की एचडीडी तेही तिथंच लिहिलेलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

आता किल्ली कुठं आहे ते बघायचं. विंडोजचं बटण धरून एक्स दाबा आणि यादीतून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या भागात प्रत्येक डिस्कची एक आडवी पट्टी दिसेल. ईएफआय सिस्टिम पार्टिशन असं लिहिलेला छोटा तुकडा कोणत्या पट्टीत आहे ते शोधा. सी ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत तो असेल, तर ठीक. दुसऱ्या पट्टीत असेल, तर किल्ली मित्राकडं आहे. दोन्ही पट्ट्यांत असेल, तर नुसतं बघून कळणार नाही. त्याची खरी परीक्षा पुढं सांगितलीय.

इथं एक गंमत आहे. सी पार्टिशनच्या खाली तुम्हाला 'बूट' असा शब्द दिसेल आणि वाटेल, मग बूट फाइली इथंच आहेत. तसं नाही. मायक्रोसॉफ्टच्या भाषेत जिथं विंडोज असते ते 'बूट' आणि जिथून कॉम्प्युटर बूट होतो ते 'सिस्टिम'. बरोब्बर उलटं. हे नाव कुणी ठेवलं त्याला एकदा भेटायचंय मला.

डिस्क ओळखायची ती आकड्यावरून नाही, साइझवरून. डिस्क ० म्हणजे पहिली किंवा चांगली असं काही नसतं. केबल कुठल्या पोर्टात आहे त्यावर तो नंबर ठरतो आणि तो बदलूही शकतो. साइझमध्येही एक खुबी आहे. खोक्यावर लिहिलेला आकडा आणि विंडोजमध्ये दिसणारा आकडा एक नसतो, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यामुळं २४० जीबीची एसएसडी २२३ दिसते, २५६ ची २३८, ५०० ची ४६५, ५१२ ची ४७६ आणि १ टीबीची हार्डडिस्क ९३१. हे आकडे एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. पेनड्राइव्हवरून विंडोज मारताना फक्त आकडेच दिसतात आणि माणूस तिथंच गोंधळतो.

आणखी दोन गोष्टी याच वेळी बघून ठेवा. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन शोधून उघडा आणि बायोस मोडपुढं यूईएफआय आहे की लेगसी ते पाहा. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर; यूईएफआय ही त्याची नवी पद्धत, लेगसी जुनी. खालचं किल्लीचं काम यूईएफआयसाठी आहे, आणि विंडोज ११ लाही तेच लागतं. दुसरं म्हणजे सेटिंगमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू आहे का ते पाहा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून आधी कागदावर उतरवून घ्या. बूटच्या वाटेत हात घातला की विंडोज ही की मागू शकते. ती हाताशी नसेल, तर तुमचाच डेटा तुम्हाला परका. नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन तुम्ही चालू न करताही चालू झालेलं असू शकतं, म्हणून "मी कधी लावलंच नाही" यावर विसंबू नका.

डेटा असलेल्या डिस्कवर विंडोज मारली असेल तर

हा तो तिसरा प्रकार, माझा. आमच्या पेठेतल्या मंडळाचा गणपतीचा अहवाल छापायला जायला दोन दिवस होते. कॉम्प्युटर रखडत होता म्हणून रात्री विंडोज मारायला बसलो. इन्स्टॉलरमध्ये डिस्क ० वरची सगळी पार्टिशनं एकेक करून डिलिट केली आणि नेक्स्ट दाबलं. त्या डिस्कवर चार वर्षांचं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं मांडण्याचं काम होतं. जुनी विंडोज होती दुसऱ्या डिस्कवर, ती तशीच सुखरूप.

असं झालं असेल तर पहिली गोष्ट म्हणजे कॉम्प्युटर बंद करा. आत्ता. नेटवरून रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेऊ नका, फोटो आहेत का म्हणून शोधत बसू नका, अपडेट तर अजिबात चालू ठेवू नका. क्विक फॉरमॅट मारल्यानं किंवा पार्टिशन उडवल्यानं हार्डडिस्कवरचा डेटा लगेच पुसला जात नाही, फक्त त्याची अनुक्रमणिका जाते. पण विंडोज चालू असताना ती दर मिनिटाला काहीतरी लिहित असते आणि नवं लिखाण जिथं पडेल तिथलं जुनं कायमचं जातं. इन्स्टॉल होताना जेवढ्या जागेवर विंडोज बसली तेवढं गेलंच. उरलेलं वाचवायचंय.

डिस्क काढा, दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरला केबलनं किंवा यूएसबी केसिंगमधून जोडा आणि तिथून शोध घ्या. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही दोन फुकट आणि भरवशाची साधनं आहेत. पहिलं हरवलेलं पार्टिशन परत जोडायचा प्रयत्न करतं, दुसरं पार्टिशनकडं न बघता फाइलींच्या प्रकारावरून एकेक फाइल वेचून काढतं. फोटोरेकनं माझे फोटो परत आले, पण नावं गेली; सगळ्यांना एफ आणि पुढं लांबलचक आकडे. पेजमेकरच्या बऱ्याच फाइली अर्धवट निघाल्या. अहवाल त्या वर्षी चार दिवस उशिरा निघाला आणि जाहिरातदारांची बोलणी मी खाल्ली. सापडलेल्या फाइली नेहमी तिसऱ्याच डिस्कवर साठवा, ज्या डिस्कवरून काढताय तिच्यावर नको.

हे सगळं फिरत्या हार्डडिस्कला लागू. एसएसडीवरचा डेटा उडवला असेल तर आशा फार कमी. ट्रिम नावाची सोय मोकळी झालेली जागा पाठीमागं गुपचूप साफ करत असते, आणि एकदा ती साफ झाली की कुठल्याही सॉफ्टवेअरला तिथं काही सापडत नाही.

एक बारीकशी आशा मात्र आधी तपासा. पार्टिशन फॉरमॅट न करता जुन्या विंडोजच्या डोक्यावरच नवी मारली असेल, तर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर सापडेल. त्यातल्या युझर्स फोल्डरमध्ये तुमचं जुनं डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स जसंच्या तसं असू शकतं. ते लगेच बाहेर कॉपी करा, कारण विंडोज काही दिवसांनी ते फोल्डर आपणहून साफ करू शकते.

आणि हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यातलं काहीही करू नका. ती तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्या.

विंडोज हार्डडिस्कवर, एसएसडी रिकामी

हा सगळ्यात सोपा प्रकार, कारण काही हरवलेलं नाही. रस्ते दोन आहेत. एक म्हणजे आहे ती विंडोज जशीच्या तशी उचलून एसएसडीवर न्यायची, म्हणजे क्लोन. दुसरा म्हणजे नव्यानं मारायची.

माझं मत विचाराल, तर विंडोज मारून दोन-चारच दिवस झाले असतील तर सरळ नव्यानं मारा. तासाभराचं काम आहे आणि स्वच्छ होतं. पण सहा महिने चुकीच्या डिस्कवर काम केलं असेल, टॅली, प्रिंटरचे ड्रायव्हर, मराठी फाँट असं सगळं एकदाचं नीट लागलेलं असेल, तर क्लोन करा. ज्यानं जुन्या डीटीपी फाँटांचा संसार एकदा नव्यानं मांडलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

दोन्ही रस्त्यांवर आधी बॅकअप. आणि बॅकअप त्याच कॅबिनेटमधल्या दुसऱ्या डिस्कवर नको, त्याच टेबलाच्या खणातही नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या दुकानात पाणी शिरलं त्यांना हे सांगायची गरज नाही. घरी एक, दुकानात एक.

नव्यानं मारायचं असेल तर हे क्रमानं करा.

१. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा. मित्राकडचा 'सगळं आत असलेला' पेनड्राइव्ह वापरू नका. त्याच्या आत नक्की काय आहे ते मित्रालाही माहीत नसतं.

२. कॉम्प्युटर बंद करा, स्विचवरून लाइट बंद करा, कॅबिनेट उघडा आणि जुन्या हार्डडिस्कची साटा केबल (डेटाची) आणि पॉवरची केबल दोन्ही काढा. या अख्ख्या लेखातली सगळ्यात मोलाची पायरी हीच. जी डिस्क जोडलेलीच नाही तिच्यावर चुकून विंडोज बसू शकत नाही आणि तिच्यावर बूट फाइलीही जाऊ शकत नाहीत. लॅपटॉप उघडायची भीती वाटत असेल, तर काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये तो साटा पोर्ट बंद करता येतो. तीही सोय नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून फक्त डिस्क काढून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

३. पेनड्राइव्ह लावून चालू करा आणि बूट मेन्यू उघडा. कुठल्या मशीनला एफ१२, कुठल्याला एफ११, एफ९ किंवा एफ८. तिथं एकच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो. ज्या ओळीत यूईएफआय लिहिलंय ती निवडा. दुसरी निवडली तर पुढं 'या डिस्कवर विंडोज बसवता येत नाही' असं म्हणून एसएसडी नाकारली जाऊ शकते. मग माणूस वैतागून जी डिस्क नाही म्हणत नाही ती निवडतो. चुकीच्या डिस्कवर विंडोज बसण्याचं हे एक नेहमीचं कारण.

४. विंडोज कुठं बसवायची असं विचारल्यावर यादीत फक्त एसएसडी आणि पेनड्राइव्ह दिसला पाहिजे. साइझ तुमच्या कागदाशी जुळवा. एसएसडीवरची सगळी पार्टिशनं डिलिट करा, 'अनअलोकेटेड' अशी एकच ओळ राहील, तिच्यावर उभं राहून नेक्स्ट करा. बाकीची छोटी पार्टिशनं विंडोज स्वतः बनवते, तुम्ही बनवायला जाऊ नका.

५. तोच मदरबोर्ड आणि तीच होम किंवा प्रो आवृत्ती असेल आणि आधी विंडोज रीतसर अॅक्टिव्हेट झालेली असेल, तर नेट जोडल्यावर ती बहुतेक आपोआप अॅक्टिव्हेट होते. की विचारली तर 'माझ्याकडं की नाही' म्हणून पुढं जा.

६. सगळं नीट चालतंय असं दिसलं की कॉम्प्युटर बंद करा आणि मगच हार्डडिस्क परत जोडा.

चौथ्या पायरीवर एक खड्डा आहे, विशेषतः लॅपटॉपवाल्यांसाठी. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या सोयीमागं लपलेली असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरला ती दिसतच नाही. यादीत दिसते फक्त जुनी हार्डडिस्क. लोकांना वाटतं एसएसडी खराब निघाली, आणि गपगुमान हार्डडिस्कवर विंडोज मारून मोकळे होतात. उपाय असा: लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, उलगडून त्याच पेनड्राइव्हवर फोल्डरमध्ये ठेवा आणि इन्स्टॉलरमध्ये 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवा. एसएसडी लगेच यादीत येते. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करूनही ती दिसते, पण आधीची विंडोज व्हीएमडी चालू असताना बसलेली असेल तर ती मग बूट होणार नाही. म्हणून ड्रायव्हरचा रस्ता बरा.

क्लोन करायचा तर

सी ड्राइव्हमध्ये भरलेला डेटा एसएसडीत मावतोय का ते आधी बघा. हार्डडिस्क १ टीबीची असली तरी हरकत नाही, भरलेलं किती ते महत्त्वाचं. एसएसडीच्या साइझच्या तीन चतुर्थांशाहून जास्त भरलं असेल तर व्हिडिओ आणि बाकीचं ओझं आधी बाहेर काढा. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जुन्या हार्डडिस्कची तब्येत पाहा. पिवळा किंवा लाल रंग दिसला तर क्लोनच्या नादी न लागता महत्त्वाच्या फाइली आधी काढा, कारण मरणासन्न डिस्कला तीन तास पळवणं म्हणजे तिचा शेवटच.

एसएसडी चांगल्या कंपनीची असेल तर बहुतेक वेळा तिच्यासोबत क्लोन करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते कंपनीच्या साइटवर शोधा. नवख्या माणसाला तेच बरं. क्लोनझिला हे ताकदवान आणि फुकट आहे, पण त्याचा निळा पडदा आणि त्याचे प्रश्न पहिल्या वेळी घाम फोडतात. शिवाय लहान डिस्कवर क्लोन करायला ते सहजासहजी तयार होत नाही.

सॉफ्टवेअर कुठलंही असो, सोर्स आणि टार्गेट हे दोन शब्द तीनदा वाचा. सोर्स म्हणजे जिथून उचलायचं, टार्गेट म्हणजे जे पूर्ण पुसलं जाणार. इथं अदलाबदल झाली तर कोरी एसएसडी तुमच्या भरलेल्या हार्डडिस्कवर क्लोन होईल. ज्या गोंधळातून बाहेर पडायला बसलोय तोच गोंधळ दुप्पट. आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर घेऊन हे करा. वळवाचा पाऊस भरून आला असेल तर उद्या करा.

क्लोन झाल्यावर लगेच दोन्ही डिस्क ठेवून चालू करू नका. आता दोन्हींची ओळख एकसारखी झालेली असते आणि विंडोजचा गोंधळ उडतो. ती एखादी डिस्क ऑफलाइन टाकते, किंवा तुम्ही जुन्याच विंडोजवर काम करत राहता आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. हार्डडिस्कची केबल काढा, फक्त एसएसडीवर चालू करा. चालली की जिंकलात.

किल्ली परत आणायची

विंडोज एसएसडीवर आहे, पण ईएफआय पार्टिशन जुन्या हार्डडिस्कवर. इथं पुन्हा विंडोज मारायची गरज नाही, पंधरा मिनिटांत काम होतं. जुनी हार्डडिस्क जोडलेलीच ठेवा. आणि घाबरू नका, कारण या कामात आपण काही काढून टाकत नाही, फक्त किल्लीची दुसरी प्रत बनवतोय. चुकलं तरी जुनी किल्ली जागेवर असते.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी पार्टिशनवर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' घ्या आणि ३०० एमबी सोडवून घ्या. सीच्या बाजूला काळ्या पट्टीचा छोटा तुकडा मोकळा दिसेल.

आता स्टार्टमध्ये सीएमडी शोधा आणि 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. पुढचं मी फोनवर सांगतो तसं सांगतोय. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायचं, प्रत्येक ओळीनंतर एंटर.

पहिली ओळ 'डिस्कपार्ट'. मग 'लिस्ट डिस्क'. साइझवरून एसएसडीचा नंबर ओळखा आणि तिच्या ओळीत शेवटी जीपीटीखाली (पार्टिशनं नोंदवायची नवी पद्धत) चांदणी आहे ना ते बघा. चांदणी नसेल तर ती जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, तिचं काम वेगळं. तिथंच थांबा आणि कुणा जाणत्याला विचारा. चांदणी असेल तर 'सिलेक्ट डिस्क' आणि पुढं तो नंबर.

मग 'क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०'. मग 'फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२'. मग 'असाइन लेटर=झेड', म्हणजे या नव्या तुकड्याला झेड नाव मिळालं. मग 'एक्झिट'. डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' असा एक छोटासा, निरागस दिसणारा शब्द आहे. तो निवडलेली अख्खी डिस्क एका क्षणात कोरी करतो आणि विचारतही नाही. कुठल्या व्हिडिओत दिसला तरी तुम्ही तो टाइप करायचा नाही.

आता शेवटची ओळ, हिच्यातच खरं काम आहे: 'बीसीडीबूट', जागा सोडा, 'सी' कोलन, उलटी तिरपी रेघ, 'विंडोज', जागा, सरळ तिरपी रेघ आणि 'एस', जागा, 'झेड' कोलन, जागा, सरळ तिरपी रेघ आणि 'एफ', जागा, 'यूईएफआय'. सगळं एका ओळीत. बूट फाइली नीट तयार झाल्या असा संदेश आला की झालं. दोन तिरप्या रेघांत गल्लत होते, एवढंच सांभाळा: फोल्डरच्या नावाआधीची रेघ उलटी, बाकीच्या दोन सरळ.

मग परीक्षा. शिफ्ट बटण धरून शट डाउन करा म्हणजे विंडोज अर्धवट न झोपता पूर्ण बंद होईल. हार्डडिस्कच्या केबल काढा आणि चालू करा. विंडोज आली तर किल्ली घरी आली. दोन्ही डिस्कवर ईएफआय पार्टिशन असलेल्यांचीही हीच परीक्षा. नाही आली तर बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डरमध्ये एसएसडीचं 'विंडोज बूट मॅनेजर' वर आहे का ते बघा. बहुतेक वेळा तेवढंच राहिलेलं असतं. तरीही नाही आली तर हार्डडिस्क परत जोडा. कॉम्प्युटर पहिल्यासारखा चालू होईल, मग चूक शांतपणे शोधता येईल.

उबुंटू किंवा दुसरं लिनक्स घालणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. एक्स्टर्नल डिस्कवर लिनक्स घातलं, तरी ग्रब, म्हणजे लिनक्स चालू करणारा बूट प्रोग्राम, मात्र आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये गेलेला असतो आणि ती एक्स्टर्नल डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की उठत नाही. तिथंही डिस्क काढून इन्स्टॉल करणं हाच सरळ रस्ता, आणि झाल्यावर दुरुस्तीला बूट-रिपेअर नावाचं साधन आहे.

जुन्या विंडोजचं काय करायचं

घाई करू नका. महिनाभर नव्या विंडोजवर काम करा. काही राहिलंय असं आठवतंच: कुठला तरी फाँट, ब्राउझरमधले पासवर्ड, टॅलीचा बॅकअप, डाउनलोडमध्ये पडलेली जीएसटीची पावती. जुन्या डिस्कवरच्या युझर्स फोल्डरमध्ये शिरताना परवानगी नाही असं म्हणेल, तिथं 'कंटिन्यू' दाबून थोडं थांबा.

चालू होताना दोन विंडोजची नावं दिसून कुठली निवडायची असं विचारत असेल, तर स्टार्टमध्ये सिस्टिम कॉन्फिगरेशन उघडा. बूटमध्ये जिच्यापुढं 'करंट ओएस' लिहिलेलं नाही ती नोंद डिलिट करा.

महिन्यानंतर, सगळं काढून घेतल्याची खात्री झाली की डिस्क मॅनेजमेंटमधून जुन्या विंडोजचं पार्टिशन फॉरमॅट करा. फोल्डर निवडून डिलिट करत बसू नका, परवानग्या आडव्या येतात आणि दिवस जातो. त्या डिस्कवरचं जुनं १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन डिस्क मॅनेजमेंटमधून जाणार नाही. डिस्कपार्टमधून जातं, पण मी ते तसंच ठेवतो. एवढ्याशा जागेसाठी पुन्हा त्या काळ्या खिडकीत कशाला जायचं?

एक शेवटचं. हार्डडिस्क परत जोडल्यावर तिचं अक्षर बदललेलं असू शकतं. मावसभावाची टॅली डी ड्राइव्हमध्ये डेटा शोधत होती आणि तो आता ई झाला होता. कंपनी सापडत नाही असं म्हणून ती रुसून बसली आणि याला वाटलं डेटा गेला. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या पार्टिशनवर राइट क्लिक करा, 'चेंज ड्राइव्ह लेटर' मध्ये जा आणि डी परत द्या. डी जर डीव्हीडी ड्राइव्हनं पटकावलं असेल, तर आधी डीव्हीडीला दुसरं अक्षर द्या.